स्टेन्सिल

पॅरिश हॉलच्या मागल्या कपाटाला
जुडग्यातली सगळ्यात गंजकी चावी लागली.
वाळवीनं जेवढं सोडलं तेवढं आत होतं :
शाईचा सुकलेला डबा, लोखंडी लेखणी,
आणि एका मेणकागदावर माझ्या पंधराव्या वर्षाचं अक्षर :
मजुरी म्हणजे निव्वळ बाजारभाव नव्हे.

हे पत्र रोमहून निघालं अठराशे एक्क्याण्णवात.
वागळे इस्टेटीत पोचलं
चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये.
पपा म्हणायचे, पोस्टमन पायी आला असणार.

बुधवारी रात्री फाउंड्रीतले आठ-दहा जण
नखांत काळी वाळू तशीच घेऊन बाकांवर बसायचे.
फादर इनास इंग्रजीतून समजावत,
पपा मराठी शोधत,
मी लेखणीनं मेण खरवडत असे.
चुकलं की लाल वार्निश लावायचं, फुंकून वाळवायचं,
त्यावर पुन्हा लिहायचं.

शब्द अडायचे.
'न्याय्य' लिहिलं तर जुझे विचारायचा, कोर्टातलं काय?
मग पपांनी लिहायला लावलं : बायकापोरांसकट पुरेल अशी.
खाजगी मालमत्तेच्या परिच्छेदावर कुणीच अडलं नाही,
कुणाकडे नव्हतीच.
संपाची कारणं आधीच दूर करावीत, असंही होतं त्यात.
"कारण केबिनमध्ये बसलंय, पंखा लावून,"
जुझे म्हणाला, आणि फादरसुद्धा हसले.

पुढचं पत्र एकतीस सालचं.
खालच्याला जे जमतं ते वरच्यानं हिसकावू नये,
एवढ्यासाठी त्यांच्याकडे एक लांबलचक शब्द होता.
आमचे तीन बुधवार त्यात गेले.
शेवटी पपा म्हणाले, लिही :
ज्याचं पातेलं, त्यानं ढवळावं.

लाडकी वरठा दाराशी उभी असायची,
हातात खराटा, आम्ही उठण्याची वाट बघत.
येऊरहून पहाटे उतरायची ती,
देवळाचं आवार झाडायची, मग शाळेचं, मग हॉल.
एकदा तिनं विचारलं, "रोज काय वाचता एवढं?"
"मजुराला किती द्यावं ते."
"मग किती?"

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
तिला चाळीस रुपये होते महिन्याचे,
आणि सणाला एक लुगडं.
फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

पुढल्या बुधवारी ते पत्र न आणता
पॅरिशची हिशेबवही घेऊन आले.
मालकाची वही उघडा म्हणून ओरडणाऱ्यांतले चौघे
त्यानंतर आलेच नाहीत.
पपा आले.
हिशेब समितीवर होते ते;
चाळिसाच्या आकड्याखाली
सही त्यांचीच होती, वळणदार,
माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची तशीच.

नव्वद झाले, बऱ्याच भांडणानंतर.
आठवड्याच्या सुटीवर मात्र गाडं अडलं.
पत्रात रविवार लिहिला होता,
आणि रविवारीच तर आवार झाडायचं असतं.
सोमवार ठरला.
मला आजही ते बरोबर वाटत नाही,
दुसरं काय करायला हवं होतं तेही सुचत नाही.

फाउंड्री गेली. तिथं आता काचेची इमारत,
गळ्यात पट्टा घातलेली पोरं रात्री आत जातात,
त्यांचा बुधवार कुणी घेत नाही.
पंधरा सालचं पत्र, नद्यांबद्दलचं, झाडांबद्दलचं,
एका रात्रीत आलं, थेट मोबाईलवर.
जुझेच्या मुलानं सगळ्यांना पुढे पाठवलं
आणि खाली हात जोडले.

लाडकीची नात पाड्यावरचा झरा बुजवणाऱ्या बंगल्याविरुद्ध
अर्ज लिहिते आहे.
शब्द अडला की मला फोन करते.
काल म्हणाली, "बाई, 'आमचा झरा' लिहू की 'सर्वांचा'?"
मी म्हटलं, थांब, सांगते.

कागद खिडकीशी धरला.
जिथं जिथं लेखणी गेली होती
तिथून ऊन आरपार आलं, अक्षर अक्षर वाचता आलं.
फक्त 'निव्वळ'च्या मागे
लाल वार्निशचा एक ठिपका.
खाली आधी काय लिहिलं होतं,
पपांनी काय खोडायला लावलं होतं,
नखानं खरवडून पाहिलं.
मेणच निघालं.