मोहरी

तूली आली तेव्हा तिच्याजवळ आठ आठवडे होते
आणि पाठपिशवीत खडूंच्या चाळीस पेट्या.
फिनलंडची. नावाचा अर्थ म्हणाली, वारा.
मी म्हटलं, बाई, आमच्यात तुळई असते,
ती छपराला धरून ठेवते.
हसली. कळलं काहीच नव्हतं.

भोईवाड्यातलं आमचं बेथानी निवास:
तळमजला, सोळा खाटा, एक संडास कायमचा बंद.
पहाटे पाचला माणसं निघतात मोठ्या इस्पितळाकडे,
फाईल छातीशी धरून,
तान्हं धरावं तशी.

तिला भिंती रंगवायच्या होत्या, शिकवायचं होतं.
तिच्या मंडळीने केक विकून, जुने स्वेटर विकून
तिकिटाचे पैसे जमवले होते;
दर रविवारी तिकडे फोटो धाडायचे होते.
मी तिच्यापुढे लसणाचा ढीग ओतला.

दुसऱ्या दिवशी लसूण.
तिसऱ्या दिवशी लसूण, आणि टोकनची रांग:
शकूच्या जागी उभी राहा, नंबर आला की हाक मार.
नंबर आला नाही. खिडकी जेवायला गेली.
चौथ्या दिवशी जिन्यात बसून रडली,
लसणाच्याच हातांनी डोळे पुसत.

यासाठी आणलंस मला?
माझ्याकडे बघून नाही विचारलं. वर बघून.
मी तांदूळ निवडत ऐकत होते.
एकोणीस वर्षं झाली, मीही अधूनमधून विचारते.

शकूचा वेदू, यवतमाळचा, नऊ वर्षांचा, नाकात नळी.
खाता येत नाही
म्हणून वास घ्यायला स्वयंपाकघरात येतो.
त्यानेच तिला अक्षरं शिकवली, तिच्याच खडूंनी, फरशीवर.
एकदा तिने शकूला खुणेनं विचारलं,
त्याच्यासाठी प्रार्थना करू?
कर की, शकू म्हणाली,
पण हळू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा.

पाचव्या आठवड्यात मी तिच्या हाती फोडणी दिली.
तिने गार तेलातच मोहरी टाकली.
गप्प बसली मोहरी, तळाशी, काळी.
वेदू नळीसकट हसला.
मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास,
हे वचन तिला तिच्या भाषेत पाठ, मला माझ्या.
त्यात डोंगर हलतो.
कढईचं काही लिहिलेलं नाही.
मी म्हटलं, दाणा बरोबर आहे गं तुझा,
तेल तापेस्तोवर हात मागे ठेव.
हात मागे ठेवणं
तिला लसणाहून जड गेलं.

गुरुवारी तिचं विमान, शुक्रवारी वेदूचा रिपोर्ट.
तिकीट पुढे ढकलू का, रात्रभर हेच.
सकाळी स्वेटर विकणाऱ्या म्हाताऱ्या आठवल्या असाव्यात.
गेली.
उरलेले खडू पिठाच्या डब्यावर ठेवून.

शुक्रवारी मशीन बिघडलं.
मग शनिवार, रविवार, मग कसलीशी सुट्टी.
मंगळवारी फोन वाजला,
वेदूच्या अक्षरांत, वेलांट्या चुकलेल्या:
मोहरि तडतडलि का

हात पदराला पुसले. लिहिलं, अजून नाही.
मग वाटलं, फारच कोरडं झालं.
आणखी काही लिहिणार होते,
पण वेदू ओट्याशी येऊन उभा राहिलेला,
त्याला आवाज ऐकायचा होता,
आणि तेल आत्ता कुठे
कडेनं हलायला लागलं होतं.