कांद्याच्या कळ्या

सकाळी साडेसातला पादऱ्याच्या शेतातून
जशूभाई कळ्या आणतात, ओल्या फडक्यात.
उशीर झाला की पेशी आपलं काम उरकून बसतात,
मग काय दिसणार.

परागकोश काचेवर. थेंबभर कारमाइन.
गंजकी सुई मुद्दामच,
लोखंड लागलं की रंग चढतो.
दिव्यावर जरासा शेक, टिपकागद, अंगठा.
सरकवायचं नाही, कृपाली. दाबायचं.

आता बघ.
आठ जोड्या.
एक धागा बापाकडचा, एक आईकडचा.
बी रुजल्यापासून एकाच खोलीत राहिलेले,
आणि आत्ता कुठे शेजारी येऊन
टोकापासून टोकापर्यंत एकमेकांना चाचपतायत.
मग तुटतात. हो, आधी तुटावंच लागतं,
आणि सांधताना इकडचं टोक तिकडे.
ती फुली दिसते? तिथं.

"मॅडम, नाहीच पडली फुली तर?"

खिडकीबाहेर घुमटावर पारवे.
मी म्हणते, लिही :
जे एकमेकांत गुंतले नाहीत
त्यांना नीट सुटताही येत नाही.
ताण लागत नाही. कधीकधी
दोघंही एकाच बाजूला वाहून जातात.
परीक्षेला येतं हे.

पुढचं परीक्षेला येत नाही.
आई जन्मायच्या आधीच, आजीच्या पोटात,
तिच्यातल्या एका बीजात ही जुळणी झाली
आणि तिथेच थांबली. चाळीस वर्षं.
बेळगाव सुटलं, लग्न झालं, दांडिया बाजारात
भाड्याच्या दोन खोल्या, माझी शाळा,
आणि एकविसाव्या जोडीतले ते दोघे
आत शेजारी बसलेले,
बहुधा हात न धरता.

मग निळू झाला.
लोकांनी आईला ग्रहण विचारलं, कात्री विचारली.
तिनं कितीतरी वर्षं आठवून पाहिलं
कुठल्या दिवशी काय चिरलं ते.

एकदा तिला इथं आणलं होतं.
अशीच काच. तिनं चष्मा काढून
खूप वेळ डोळा लावला. म्हणाली,
"गुलाबी आहे गं."
एवढंच.

पाचला निळू फाटकाशी उभा असतो,
एप्रिलमध्येसुद्धा स्वेटर घालून.
शेवउसळीच्या गाडीवर तोच सांगतो,
"काका, तरी वधारे!"
मग स्वतःची शेव माझ्या ताटलीत ओततो
आणि माझा पाव उचलतो,
न विचारता.