आठ मिलिमीटर

जुना मीटर वायरचा होता.
बाल्कनीतले तीन उन्हाळे काढून
वायरीची साल सुक्या बोंबलासारखी कडक झाली,
आणि एका पहाटे सीबच्या वाटेवर
ताशी सव्वीसवरून तो सरळ गप्प झाला.
मी पायडल मारतच होते.
पुढचे अकरा किलोमीटर
कुणाच्याच हिशेबात लागले नाहीत.

रुवीच्या दुकानात सजीशने काचेवर तीन खोकी मांडली.
सगळे बिनवायरचे.
पहिला उपग्रहाशी बोलतो,
चढ किती टक्के तेही सांगतो, एकशे चाळीस रियाल.
पण माझा रस्ता एकच:
जाताना समुद्र उजवीकडे, येताना डावीकडे.
याला नकाशा कशाला?

दुसऱ्याची खूणगाठ पक्की, पस्तीस रियाल.
तो फक्त आपल्याच चाकाचं ऐकतो.

तिसरा साडेनऊ.
त्याच्याबद्दल सजीश त्याच्या मल्याळी हिंदीत बरंच बोलला,
मी ते मराठीत एवढंच ऐकलं:
हा हलक्या कानाचा आहे.
शेजारून कुणी तसलाच लावून गेला
तर त्याचा वेग आपला म्हणून सांगत सुटतो.

झुलेखा सोलकरच्या हँडलला हाच होता.
दोन वर्षं, दर शुक्रवारी, सव्वाचारला
ती अझैब्याच्या पेट्रोलपंपाशी उभी असायची,
डोक्यावर हेल्मेट, दाताखाली खजूर.
"बघ गो, मी उभी हाय नि हा म्हणतो एकोणतीस!"
ती त्याला झापायची, नापास पोराला झापावं तसं.
मग शाळेचं कंत्राट संपलं.
सायकल कार्गोने रत्नागिरीला गेली,
ती त्याआधीच.
आता कधीतरी भाट्याच्या पुलावरचा फोटो येतो.
त्यात मीटर दिसत नाही.

"तिसरा द्या," म्हटलं.
सजीशने पस्तीसवाल्याकडे एकदा पाहिलं.
"काटकसर," मी म्हटलं. त्याने मान डोलावली.

घरी आल्यावर मीटर पहिलाच प्रश्न विचारतो:
तुझं चाक एका फेऱ्यात किती जातं?
पुस्तिकेत तयार उत्तर होतं, दोन हजार शहाण्णव.
मी प्रयोगशाळेत काम करते,
दुसऱ्याने मोजलेलं मी लिहून घेत नाही.
टायरला टूथपेस्टचा ठिपका लावला,
वॉचमन मोफिझला हँडल धरायला लावलं,
आणि सहाव्या मजल्याच्या व्हरांड्यात
सायकलीवर बसून एक फेरा पुढे गेले.
फरशीवर दोन पांढरे डाग.
शिंप्याची टेप दीडशेला संपली,
तिथे बोट ठेवून उरलेलं मोजलं.
दोन हजार अठ्ठ्याऐंशी.
पुन्हा मोजलं. अठ्ठ्याऐंशीच.

आठ मिलिमीटर कुठे गेले?
मोफिझला वाटलं टेप खोटी.
मग लक्षात आलं:
टायर माझ्याखाली दबतो.
ते आठ म्हणजे मी.
पुस्तिकेतल्या सायकलीवर कुणी बसलेलंच नव्हतं.

फार नाही.
शंभर किलोमीटरमागे तीनशे ऐंशी मीटर.
पण असलेलं माणूस नाही धरायचं म्हणजे काय?

शुक्रवारी निघाले.
जूनमध्ये साडेसातलाच काच काळी पडते,
तळहाताची सावली धरली की आकडे परत येतात.
चाळीस किलोमीटर मीटर शहाण्यासारखा वागला.
सीबच्या टपरीवर करक चहा घेतला,
सायकल खांबाला टेकवली,
काचेवर शून्य.

इतक्यात मागून कुणी सुर्रकन गेलं,
कोवळा ओमानी मुलगा, खांदे अजून हलके.
खांबाला टेकलेली माझी सायकल
ताशी एकतीसने पळाली.
पळाली, आणि थांबली.

चहा सांडला थोडा.
"बघ गो," मी म्हटलं, टपरीवाल्याला मराठी येत नाही.
अंतर पाहिलं: दोन शतांशांनी वाढलं होतं.
वीस मीटर, जे मी गेले नाही.

पुसायचं बटण डावीकडे आहे,
तीन सेकंद दाबून धरायचं.
मी कप परत दिला, बूट क्लिपात अडकवला,
आणि ते वीस मीटर धरूनच
घरी निघाले.
समुद्र डावीकडे.