सम सोडून

फॉर्म कन्नडमध्ये आहे. असूंदे, वाचता येतं.
नाव: यल्लोजी. वय: एकसष्ट. गाव: वडगाव, बेळगाव.
पुढचा रकाना कलाप्रकार.
सनई आहे, संबळ आहे, भजन, हलगी, डोळ्ळू, करडीमजल.
बास गिटार नाही.

कचेरीच्या बाकावर पेन चावत बसलो.

आमच्या घरात चार माग. रात्रभर खटक-खट, खटक-खट.
लाईट गेली की आवाज थांबायचा
आणि तान्ही पोरं दचकून उठायची.
तिथंच शिकलो मी, ताल म्हणजे काय ते.
बाकीचं पास्कू लोबोनं शिकवलं, कॅम्पातल्या,
त्याचा बाप मिलिटरीच्या बँडात ट्रॉम्बोन फुंकायचा.
चोर्ल्याचा घाट चढून पास्कूनं दोन कॅसेट आणल्या,
कुणी गोरा खोलीचं भाडं बुडवून
त्या मागं टाकून गेलेला.

एक फंकची. तिच्यात समेवर असा भार
की मार्केट यार्डात हमालानं पोतं टाकावं.
दुसरी रेगेची. तिच्यात सम रिकामीच.
बसवंत भजंत्री ऐकता ऐकता उठून उभा राहिला.
सात पिढ्या लग्नात चौघडा बडवलेलं घर त्याचं.
"सम सोडली? मग नवरदेवानं पाय कुठं ठेवायचा बे?"
पास्कू म्हणाला, "हवेत."

बँडचं नाव थर्ड गेट,
कारण तालीम तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या पत्र्याच्या शेडात,
आणि मालगाडी आली की गाणं अर्ध्यात धरून ठेवायचं,
शेवटचा डबा गेला की तिथनंच पुढं.
ऑक्टोबर ते मार्च गोवा,
मे महिन्यात निपाणीच्या तंबाखूवाल्यांची लग्नं,
तिथं लोक म्हणायचे, छान आहे, आता झिंगाट काहीतरी लावा.
एक नोव्हेंबरला कुणाचीच सुपारी घ्यायची नाही,
हा एकच लेखी नियम.

शालन होनगेकर गायची. लग्नपत्रिकांच्या पाठीवर
इंग्रजी ओळी मराठीत उतरवून घेतलेल्या,
अर्थ विचारला तर म्हणायची, कशाला की? सूर लागलाय न्हवं.
इचलकरंजीला दिली. पुन्हा गायली नाही,
निदान आम्ही ऐकलं नाही.
पास्कू जहाजावर गेला, तिथं म्हाताऱ्या जोडप्यांना नाचवायचा.
नऊ सालानंतर त्याचं पत्र नाही.
दस्तगीर संकेश्वरात मिक्सर दुरुस्त करतो.
त्याचं काम तेव्हा एवढंच होतं,
दोन ठोक्यांच्या मधे तारेवर एक टिचकी,
आणि पैसे बरोबरीनं.
भांडण व्हायचं त्यावरून.
तो आजारी पडला एकदा खानापूरला,
त्याच्यावाचून वाजवलं,
आणि त्यानंतर कुणी भांडलं नाही.

मी? पंचवीस वर्षं उद्यमबागेत फाउंड्रीच्या स्टोअरला.
शनिवार-रविवार बास.
माग भंगारात गेले, किलोवर.
गिटार गेली नाही, कारण घेणाराच मिळाला नाही.

"एनु बारिसतीरी?" खिडकीतल्या बाईनं विचारलं.
पोरगेलीच होती, हुक्केरीकडची असावी.
"बास," मी म्हटलं.
"बास अंद्र? साकु?"
व्हय बाई, तसंच म्हण. पुरे झालं, पण सुटत नाही.
ती हसली, मग गंभीर झाली,
बराच वेळ यादीवर बोट फिरवलं
आणि हलगीपुढं खूण केली.
मी काही बोललो नाही. बसवंतला आवडलं असतं.

पुरावा म्हणून एक फोटो जोडला, चिकोडीच्या जत्रेतला.
मधे शालन, मागं ड्रमवर बसवंत,
डाव्या कडेला माझा हात दिसतो आणि गिटारीची मान.
"तुम्ही कुठं?" तिनं मराठीत विचारलं.
मी फोटोच्या बाहेर बोट दाखवलं.

तिनं शिक्का उचलून कागदावर मारला.
शाई वाळलेली. काहीच उमटलं नाही.
तिनं पॅडवर दोनदा घासला
आणि पुन्हा मारला.
आता लागला.