बर्फ

परत येऊन आठ महिने झाले.
चार कोट अजून माळ्यावर, डांबरगोळ्यांत.
एकाच्या खिशात ट्रामचं तिकीट राहिलंय,
आणि एक हातमोजा, डावा.

नाताळची सुट्टी लागली. सकाळी पारा एकोणीस,
तर शेजारच्या सुलभाकाकी कानाला मफलर गुंडाळून,
"यंदा गारठा भारीच हो!"
मी हसले नाही.
मलाही आता पहाटे गोधडी लागते.

ओजस विचारतो, इथे कधी पडणार?
काय, ते तो सांगत नाही.
मी त्याला वालाच्या शेंगा सोलायला बसवते.

शेवटी काल हर्णैला नेलं, बंदरावर.
लिलाव उरकत आला होता.
दाऊदभाईंच्या कारखान्यातून लाद्या येत होत्या,
यंत्र त्या कराकरा चावत होतं
आणि पाइपातून होडीच्या पोटात
पांढरं उडत होतं, भुरुभुरु.

तो धावला. मान वर, जीभ बाहेर,
अगदी तिथल्यासारखा.
खलाशी आधी ओरडले, मग एकाने
मूठभर त्याच्या डोक्यावरच ओतला.

"आई, याला बांगड्याचा वास येतो!"

दोनदा केस धुतले. वास गेला नाही.
उशीलाही लागलाय.

आज सकाळी एक कोट खाली काढला,
शीतघरात लाद्या ओढणाऱ्या पोराला दिला.
बाह्या जरा लांब झाल्या त्याला.
तिकीट काढायचं राहिलंच.