तळाच्या ओळी

रविवारचा बाजार उठला की
उरलेले बटाटे पोत्यात, पोतं माझ्या पाठीवर,
धाकटी सेनाइदा आईच्या पाठीला बांधलेली,
आणि आम्ही तिघी स्टेशनामागच्या थेटरात.
वांकायोत त्याला हिंदू सिनेमा म्हणत,
पडद्यावरची माणसं नमाज पढत असली तरी.

बोलणं हिंदीत.
तळाला स्पॅनिश अक्षरं पळायची.
आईला ना हे कळे, ना ते वाचता येई.
तिची केचुआ कुठल्याच पडद्यावर कधी आली नाही.
म्हणून मी. वय नऊ,
वाचनात वर्गात दुसरी.

अक्षरं पुढे, मी धापा टाकत मागे.
अर्धी ओळ हाती लागे, अर्धी निसटे,
निसटलेल्या जागी मी पदरचं घालत असे.
आई हुंकार देई: हं. मग?
मागच्या रांगेतली एउलोखिया माझ्या मानेपाशी वाके,
तिच्या टोपीचा काठ कानाला टोचे.
कुणी भाजक्या मक्याची मूठ मांडीवर ओती:
मोठ्यानं गं पोरी, इथवर पोचत नाही.

गाणं लागलं की मला सुट्टी.
गाण्यांना तळाला अक्षरं नसत.
मी मका चावायची, आणि आई म्हणायची,
आता गप्प बस, आता मला सगळं कळतंय.
बर्फात ती बाई पातळ साडीत नाचे
आणि थंडी जाणणाऱ्या आमच्या बायका हळहळत:
अगं, हिला कुणी शाल द्या!

(ते थेटर आता बुटांचं गोदाम आहे.
परवा नातवानं विचारलं, तुला हिंदी येतं?
येतं म्हटलं,
आणि एक अख्खं गाणं म्हणून दाखवलं,
एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना.)

बाबा ओरोयाला, तांब्याच्या भट्टीवर.
आधी पैसे महिन्याला येत, मग सणाला,
मग नुसता निरोप,
मग तोही नाही.
त्यांची टोपी दारामागच्या खिळ्याला.
आई रोज सकाळी तिच्यावरची धूळ झटकायची.

त्या रविवारी पडद्यावरची म्हातारी
मुलाचा हात धरून काही म्हणाली
आणि तळाला आलं, सावकाश आलं,
वाचायला भरपूर वेळ देऊन:
तुझा बाप मेला नाही. त्यानं दुसरं घर केलंय.

मी म्हटलं, ती सांगतेय, वडील आजारी आहेत,
बरे झाले की येतील.

एउलोखियानं सुस्कारा सोडला.
आईचा हुंकार आला नाही.

पुढे फजितीच.
बाप आला तो धडधाकट, मोटारीतून,
शेजारी रेशमी बाई, तिच्या मांडीवर पोर.
मी म्हटलं, नर्स आहे.
आणि पोर?
नर्सचं.
मग ही बायको त्याच्या पायाशी का रडतेय?
औषध महाग आहे.
रांगेत वाद पेटला.
कुणी म्हणे, नर्सच लबाड, हिनंच आजारी पाडला.
कुणी म्हणे, त्या देशात नर्सासुद्धा सोन्यानं मढलेल्या असतात, बघा.
शेवटी गोळीबार झाला, सगळे गळ्यात पडले,
दिवे लागले.
मला त्या दिवशी कुणी मका दिला नाही.

वाटेत आई बोलली नाही.
पुलाशी थांबून सेनाइदाला तिनं पोटाशी घेतलं
आणि पोतं माझ्याकडून काढून आपल्या पाठीवर.

पुढच्या रविवारी खिळ्यावरची टोपी उतरवली,
आत वर्तमानपत्राची घडी कोंबली,
बाबांचं डोकं मोठं,
आणि ती घालून दिवसभर बटाटे विकले.
भाव एका पैशानं खाली आणला नाही.
थेटरात दिवे मालवले तेव्हा
माझ्याकडे न बघता म्हणाली:
आज लिहिलंय तेच वाच.
तिकिटाचे पैसे मोजलेत मी.