बावीस नंबरचं दार

खराडी, सातवा मजला, रात्रीचे पावणेतीन.
एसी इतका गार की स्कार्फ अजून सोडलेला नाही,
स्कूटरवर बांधला होता तसाच.
समोर एक जाळं आहे, त्याला तार नाही.
ते राहतं कुठे, विचारू नका.
मुंबईत कुठेतरी, असं बिल म्हणतं.

या जाळ्यात एका लॅबची साइट आहे.
लोक तिथे आपलं रक्त वाचायला येतात.
साखर, थायरॉइड, प्लेटलेट, कधी त्याहून वाईट.
पुढचं अंगण सगळ्यांचं. चारशे त्रेचाळीस नंबरचं दार,
कुणीही यावं, गाव विचारत नाही.
मधल्या खोलीत जायचं तर अंगणातूनच.
आणि रिपोर्ट जिथे ठेवलेत, त्या आतल्या खोलीला
बाहेरचा रस्ताच नाही.
मी ठेवला नाही.

वडील पर्वती जलकेंद्राचे चावीवाले.
खांद्यावर पुरुषभर लोखंडी चावी,
पहाटे चारला सहकारनगर, साडेपाचला तळजाई,
फेरे मोजून व्हॉल्व्ह उघडायचे: अकरा, वर अर्धा.
"पाणी काय, कुणीही सोडेल," म्हणायचे,
"बंद केलं का, हे घरी आल्यावर आठवतं. ती खरी ड्यूटी."
एकदा भरल्या ताटावरून उठून गेले.
बंदच होता.
आईने भाकरी परत गरम केली नाही.

नियम वरून खाली वाचले जातात.
शंभरचा आधी, मग एकशे पाच, एकशे दहा;
जो पहिला लागू पडेल, त्याचाच निकाल.
सगळ्यात खाली एक असतो, कुणीच न लिहिलेला,
जाळं जन्मलं तेव्हापासूनचा:
बाकी कुणालाही नाही.

आज वाचत गेले, तर एकशे पाचवर हे:
दार बावीस. कुठून?
चार शून्यं, तिरपी रेघ, आणखी एक शून्य.
म्हणजे अख्खं जग.
बावीस हे आमचं मागचं दार, दुरुस्तीवाल्यांचं.
अकरा दिवस सताड.

लॉग उघडला. सेकंदाला चार जण.
कुणी रूट म्हणून ठोठावलंय, कुणी अ‍ॅडमिन म्हणून,
टेस्ट, टेस्ट-एक, टेस्ट-दोन,
एकाने तर 'मारिया' म्हणूनही. यादीत असेल त्याच्या.
आत कुणी आलं नाही, असं लॉग म्हणतो.
लॉगला कुणी हात लावला नाही ना, तेही पाहिलं.
मग तौसीफला फोन लावायला घेतला, शिव्या जिभेवर,
आणि रकाना उजवीकडे सरकवला.
बदल करणार: एस. खिलारे.
मी.
शेरा: पाच मिनिटांसाठी.

दार लावलं. किल्ल्या सगळ्या बदलल्या.
तिकिटात लिहिलं जसं झालं तसं, नावासकट.
तौसीफला फोन केलाच नाही, झोपू दे.

साडेतीनला लाल इशारा.
एकच पत्ता, मंचरच्या बाजूचा,
चाळीस मिनिटांत दोनशे वेळा तेच पान.
यंत्राने अडवायचं ठरवलंय, नियम माझाच आहे,
फक्त माझ्या होकारासाठी थांबलंय.
मी बघितलं. एकच नंबर, एकच रिपोर्ट, 'प्रलंबित'.
पासवर्डशी झटापट नाही,
शेजारच्या नंबराला हात नाही.
आणि मधे सात मिनिटं काहीच नाही.
यंत्र असतं तर थांबलं नसतं.
चहा टाकला असेल.
किंवा कुणी कण्हलं असेल शेजारच्या खोलीत.

होकार दिला नाही.
त्या एका पत्त्यापुरती सूट लिहिली,
मुदत: सकाळी आठ.
मुदत पडली का, दोनदा पाहिलं.

सहाला पार्किंगमध्ये उतरले,
हेल्मेट घातलं, काढलं,
आणि स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला परत.
मुदत होती.
रिपोर्ट अजून प्रलंबित.